दारियाचा टॉवेल

घोडा आमच्या फाटकासमोर थांबला नाही.

थांबणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. इल्गिजच्या आईने सकाळीच फाटकापुढची माती झाडून पाणी मारलं होतं. इल्गिजची बायको दारिया डोक्याला पांढराशुभ्र रुमाल बांधून, दोन्ही तळहातांवर घडी घातलेला टॉवेल घेऊन उभी होती. तिच्या शेजारी इस्त्रीच्या शर्टात इल्गिज, आणि कुंपणाला टेकून आम्ही दोन पाहुणे, मी आणि तुळश्या. गल्लीच्या टोकाला पेटी वाजायला लागली, पोरं धावत आली, मग गाडी दिसली. गाडीत लांब काठी उभी धरलेली आणि काठीला तीन टॉवेल बांधलेले, लाल, निळे, हिरवे भरतकाम केलेले, वाऱ्यावर फडफडत होते.

घोड्याला बिचाऱ्याला रीत ठाऊक होती. जिथे बाई टॉवेल घेऊन उभी, तिथे थांबायचं. तो आपणहून आमच्या फाटकाकडे वळला. गाडीतल्या पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याने लगाम दुसऱ्या बाजूला ओढला. पेटीवाला क्षणभर अडखळला, मग मान खाली घालून वाजवत राहिला. गाडी पुढे निघून गेली.

"आरं, हे तर फुडंच गेले की!" तुळश्या मराठीत म्हणाला.

दारियाने टॉवेलाची घडी पुन्हा एकदा नीट केली. "चहा गार होईल," एवढंच म्हणाली आणि आत गेली. तिच्या सासूने जमिनीवरच्या त्या ओल्या मातीकडे पाहिलं आणि तीही आत गेली.

ही गोष्ट दोन हजार दोन सालच्या जूनमधली. मी यासीन पटवेगार, सांगलीचा. रशियन सरकारच्या शिष्यवृत्तीवर कझानला डॉक्टरकी शिकत होतो. तुळश्या म्हणजे तुळशीदास वाघचौरे, अकोल्याचा, आमच्या नगर जिल्ह्यातल्या अकोल्याचा, माझ्याच वर्गात. इल्गिज आमच्या एक वर्ष पुढे आणि वसतिगृहात आमच्याच खोलीत राहायचा. मागच्या शरदात त्याचं लग्न झालं. बायको कझानच्या इस्पितळात नर्स. पेरण्या उरकल्या की तातारांचा सबान्तुय येतो, सबान्तुय म्हणजे नांगराचा सण. त्यासाठी तो आम्हाला आकचिश्मे या आपल्या गावी घेऊन आला होता.

या सणाची एक रीत आहे. वर्षभरात गावात जेवढ्या नव्या सुना आल्या असतील, त्या प्रत्येकीने स्वतः भरलेला एक टॉवेल द्यायचा. गाडी दारोदार फिरून ते गोळा करते, काठीला बांधते आणि दुसऱ्या दिवशी मैदानात ते बक्षीस म्हणून लागतात. ज्या सुनेचा टॉवेल काठीवर चढला, ती गावाची झाली. त्या वर्षी आकचिश्मेत चार सुना आल्या होत्या. काठीवर टॉवेल तीनच होते.

"का पण?" मी इल्गिजला विचारलं.

"दारिया क्र्याशेन आहे," तो म्हणाला. "नदीपलीकडच्या गावची. त्यांच्या पूर्वजांचा झारच्या काळात बाप्तिस्मा झाला. भाषा आमचीच, खाणं आमचंच, गाणीसुद्धा आमचीच. फक्त ते चर्चमध्ये जातात आणि आम्ही मशिदीत. यंदा शिरगणती आहे. तिच्या बापाने सभेत उठून सांगितलं, आम्ही कागदावर तातार लिहिणार नाही, क्र्याशेन लिहिणार. ते मिनगली बाबायच्या डोक्यात बसलंय."

बाबाय म्हणजे आजोबा. मिनगली बाबाय इल्गिजचा चुलत आजोबा. चाळीस वर्षं गावच्या शाळेत भूगोल शिकवलेला. लगाम ओढणारा तोच. गावातल्या प्रत्येकाने त्याच्या हातची छडी खाल्ली होती, त्यामुळे त्याच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

माझी होती, कारण मी त्याची छडी खाल्ली नव्हती. मी इल्गिजला म्हटलं, "चल, विचारू त्यांना." तो नको नको म्हणत असताना दारियाच चपला घालून फाटकाबाहेर उभी राहिली. बगलेत तोच टॉवेल.

मिनगली बाबाय अंगणात चहाच्या सामोवारपुढे बसला होता. मागे भिंतीवर एक जुना नकाशा टांगलेला. आम्हाला पाहून तो हसला, चांगला दिलखुलास हसला.

"ये, हिंदुस्तानी. रशियन लोक म्हणतात, आगंतुक पाहुणा तातारापेक्षा वाईट. म्हणजे आज तू माझ्यापेक्षा वाईट. बस."

"बाबाय, दारियाचा टॉवेल का घेतला नाही?" मी बसण्याआधीच विचारलं.

"काठीवर तातार सुनांचे टॉवेल चढतात."

"आणि तातार म्हणजे कोण?"

मास्तराला असा प्रश्न विचारू नये. त्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि भिंतीला टेकवलेली छडी उचलून नकाशासमोर उभा राहिला. मी सांगलीच्या शाळेत परत आलो असं मला वाटलं.

"हे बघ. युरोपातल्या नकाशेवाल्यांनी उरलपासून चीनच्या समुद्रापर्यंत एकच नाव लिहून टाकलं, तार्तारी. का? तिथे कोण राहतं हे त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून. चिंगीझखानाच्या आधी तातार नावाची एक टोळी मंगोलांच्या शेजारी होती. चिंगीझखानाने तीच कापून काढली, आणि पुढे जगाने त्याच्याच फौजेला तातार म्हटलं! क्रिमियातले तातार वेगळे, सैबेरियातले वेगळे. झारचे कारकून तर अझरबैजानी माणसालाही तातारच लिहायचे. आम्ही इथले, व्होल्गाकाठचे. आमचे पूर्वज बुल्गार. तातार हे नाव आमचं नव्हेच, ते दुसऱ्यांनी आम्हाला चिकटवलं."

"आणि फ्रेंच लोक कच्च्या मांसालाही तेच नाव देतात," इल्गिज पुटपुटला.

"दातावर किटण चढतं ना, आमच्याकडचे डॉक्टर त्यालाही टार्टर म्हणतात," मी भर घातली. "आणि मुंबईच्या हॉटेलात माशाबरोबर त्याच नावाची चटणी देतात."

बाबाय खूश झाला. "बघ! मांस, दात, चटणी. सगळ्यांना पुरून उरलंय नाव."

"मग बाबाय," मी म्हटलं, "जे नाव तुमचं नाही असं तुम्हीच म्हणता, त्या नावासाठी तुम्ही हिला फाटकात ताटकळत ठेवलंत?"

इल्गिजने माझ्या पायावर पाय दिला. म्हातारा मात्र चिडला नाही. हळूच खुर्चीत बसला.

"नाव माझं नव्हतं, पोरा. पण त्या नावाने चारशे वर्षं शिव्या आम्ही खाल्ल्या. ज्याने शिव्या खाल्ल्या, नाव त्याचं. आता शिरगणतीच्या कागदावर एकेक गट उठून म्हणतोय, आम्ही तातार नाही. म्हणजे मार खायला आम्ही आणि सुटून जायला हे."

 त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. उत्तर दिलं ते दारियाने.

"शिव्या देणाऱ्यांनी आम्हाला कधी वगळलं नाही, बाबाय. कझानच्या नर्सिंगच्या शाळेत मलाही पोरं तातारीणच म्हणायची, आणि चांगल्या अर्थाने नव्हे. मी कागदावर क्र्याशेन लिहिणार, माझ्या आईची आईही तेच म्हणायची म्हणून. नाव ठेवा तुमच्याकडे. टॉवेल घ्या."

"दोन्ही कसं चालेल?"

"का नाही चालणार?"

म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, "तू कोण?"

"मराठी."

"नमाज पढतोस असं ऐकलं."

"पढतो."

"मग मराठी कसा?"

खरं सांगतो, मला राग आला. हाच प्रश्न पुण्याच्या एका वसतिगृहात एका पोराने मला विचारला होता, तोही असाच हसतहसत. तेव्हा मी काही बोललो नव्हतो आणि नंतर तीन रात्री मनातल्या मनात उत्तरं देत बसलो होतो. या वेळी उत्तर तयार होतं.

"सगळे असतात तसाच."

दारिया पहिल्यांदा हसली. बाबाय नाही हसला. तो उठला आणि म्हणाला, "काठी माझ्या हातात आहे तोवर मी ठरवणार. मैदान मात्र माझ्या हातात नाही. कुस्तीत जो बातिर, म्हणजे सगळ्यांत भारी पहिलवान, ठरेल, तो ज्या टॉवेलाने लढला तो टॉवेल काठीच्या टोकाला चढतो, मग तो कुणाचाही असो. ती आकचिश्मेची जुनी रीत. दोन वर्षं माझा मुलगा फानिल बातिर आहे आणि तो आपल्या आईच्या टॉवेलाने लढतो. इल्गिज, उतरतोस त्याच्यापुढे?"

इल्गिजने चष्मा सारखा केला. साठ किलोचा माणूस, तो काय उतरणार.

"मी उतरतो," मी म्हटलं.

"तू?"

"आगंतुक पाहुणा. तातारापेक्षा वाईट."

आता तो पुन्हा हसला. "उतर. मैदान सगळ्यांना मोकळं आहे. पण हरलेल्याचा टॉवेल जिंकणारा घाम पुसायला घरी नेतो. हे सुनेला नीट समजावून सांग."

परत येताना मला माझ्याच तोंडाचा राग येत होता. मी तालमीत वाढलेला खरा. भिलवडी, पलूस, कुंडल, जत्रेच्या मैदानात चार कुस्त्या मारलेल्या. पण कझानला आल्यापासून चार वर्षांत अंगाला माती लागली नव्हती. आणि पैज मी लावली होती, टॉवेल मात्र दुसऱ्याचा होता.

घरी आल्यावर दारियाने टॉवेल टेबलावर पसरला. सहा महिन्यांचं काम होतं. रात्रपाळीत रुग्ण झोपले की ती भरत बसायची. एका टोकाला लाल ठिपक्यांची नक्षी, दुसऱ्या टोकाला हिरवी पानं आणि ट्यूलिप.

"हे लाल टोक माझ्या आईच्या गावचं," ती म्हणाली. "हे हिरवं इकडचं. सासूबाईंनी शिकवलं."

"दारिया, हरलो तर फानिल याने घाम पुसेल," मी म्हटलं. "तू नको म्हण. मी सांगतो बाबायला, माझा पाय मुरगळला म्हणून."

"ट्रंकेत ठेवला तरी कुणी तो बघणार नाही. घाम पुसायला तरी उपयोगी येईल."

"ओढाताणीत फाटेल."

"ओढून बघ."

मी एक टोक धरलं, तुळश्याने दुसरं. आम्ही जीव खाऊन ओढलं. टॉवेल ढिम्म. तुळश्याचे हात सुटले आणि तो चुलीजवळच्या बाकावर जाऊन आदळला.

"मी नर्स आहे," दारिया म्हणाली. "माझे टाके सुटत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मैदानात सगळा पंचक्रोशीचा मुलूख लोटला होता. मैदानाला तेही मैदानच म्हणतात, हे ऐकून मला पहिल्यापासून बरं वाटायचं. हिरवळीवर मोठं रिंगण, कडेने माणसं बसलेली, मधोमध ती काठी रोवलेली आणि तिच्याशेजारी बांधलेला गलेलठ्ठ एडका, बातिराचं बक्षीस. मायक्रोफोन मिनगली बाबायच्या हातात.

इल्गिजने मला नियम समजावले. त्यांची कुस्ती आपल्यासारखी नाही. आपला टॉवेल समोरच्याच्या कमरेभोवती घालायचा, दोन्ही टोकं आपल्या मुठीत आवळायची आणि त्याला उचलून पाठीवर टाकायचं. बस, एवढंच. पायाला हात लावायचा नाही. पायात पाय घालायचा नाही. दोनदा चुकलास की बाद.

"म्हणजे पट नाही, टांग नाही, कलाजंग नाही?" मी म्हटलं. "मग उरलं काय?"

"टॉवेल," इल्गिज म्हणाला.

फानिलने दारियाचा टॉवेल माझ्या खांद्यावर पाहिला आणि बापाकडे वळून बघितलं. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा हा गडी, एकशेदहा किलोचा, मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते कळत नसे. चेहरा मात्र पोरासारखा. एक पंच माझा टॉवेल तपासायला आला, बाबायकडे पाहत म्हणाला, "हा तर काठीवर न घेतलेला टॉवेल."

 बाबायने मायक्रोफोन बाजूला केला.

"बाबा," फानिल म्हणाला, "सुती आहे, मजबूत आहे, नियमात आणखी काय लिहिलंय? राहू दे. कुणाच्याही टॉवेलाने त्याला पडायचंच आहे."

हशा पिकला. बाबायने होकारार्थी मान डोलावली.

पहिली कुस्ती मी सहज मारली. समोरचा शाळेतला पी. टी. मास्तर होता, पोट सुटलेला. दुसऱ्या कुस्तीत घोटाळा झाला. गडी चिवट होता, हलेना. तेवढ्यात रिंगणाच्या कडेने तुळश्या गरजला, "आरं यासीन, पट काढ! पट काढ!"

तालमीतलं शरीर कानाचं ऐकतं, डोक्याचं नाही. माझा हात सुटला आणि समोरच्याच्या गुडघ्यामागे गेला. शिट्टी वाजली. पंचाने बोट दाखवलं. एक चूक.

मी तसाच रिंगणातून ओरडलो, "तुळश्या, तोंड बंद कर लेका! इथं पट चालत नाही!"

"मंग काय चालतं?"

"काहीच नाही!"

ती कुस्ती मी कशीबशी मारली. अंगातलं पाणी निघालं. तुळश्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं आणि तो दिवसभर तसाच बसला. इल्गिजने नंतर एक फोटो दाखवला, त्यातही तो तसाच आहे.

मग फानिल.

त्याने आपल्या आईचा टॉवेल माझ्या कमरेला घातला, मी दारियाचा त्याच्या. त्याची कंबर एवढी रुंद की टोकं माझ्या मुठीत जेमतेम आली, लाल उजव्या हातात, हिरवं डाव्या. खांद्याला खांदा लागला. त्याच्या अंगाला डिझेलचा वास येत होता.

पहिल्याच हिसक्याला त्याने मला जमिनीवरून उचललं. पाय सुटले. मला आकाश दिसलं, काठी दिसली, तिच्यावरचे तीन टॉवेल दिसले. मी घोरपडीसारखा त्याला चिकटलो. तो मागे रेलला आणि आम्ही दोघं कुशीवर पडलो. पाठ कुणाचीच लागली नाही. पंचाने दोघांना उठवलं. पुन्हा.

दुसऱ्या वेळी त्याने माझा जीव काढला. खाली दाबत राहिला, दाबत राहिला. मुठी घामाने निसटायला लागल्या. त्याची मांडी माझ्या उजव्या हातापासून चार बोटांवर होती. सांगलीच्या मातीत मी शंभर वेळा हात तिथे घातला असता. हात निघालासुद्धा. बोटं त्याच्या विजारीपाशी पोचली आणि मी दारियाला पाहिलं. ती उभी नव्हती, ओरडतही नव्हती. सगळ्यांबरोबर गवतावर बसली होती आणि माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या मुठींकडे बघत होती. टाके तपासत असावी. मी हात परत आणला आणि टॉवेल मुठीत आणखी घट्ट आवळला.

आणि मग मला अब्बा आठवले. अब्बा तालमीत जायचे ते हौसेनं. पोट भरायचं ते हमालीवर, सांगलीच्या मार्केट यार्डात. हळदीची पोती. सुट्टीत मीही जायचो. पहिल्या दिवशी मी पोतं दंडाच्या जोरावर उचलायला गेलो आणि तिथेच बसलो. अब्बा म्हणाले होते, "पोतं हातानं उचलायचं नसतंय, यासीन. वडून पोटाला लाव. पोटाला लागलं की ते तुझं. मग मागं हो. तू मागं झालास की ते आपोआप वर येतंय."

म्हणजे मी सगळं उलटं करत होतो. फानिलपासून दूर राहायची धडपड करत होतो. मी दम सोडला, गुडघे वाकवले आणि त्याला दूर ढकलायच्या ऐवजी टॉवेलाने जवळ ओढलं. त्याला वाटलं मी खचलो. तो अंगावर आला. दोन्ही टोकं मी पाठीमागून बेंबीपर्यंत खेचली आणि फानिल माझ्या पोटाला लागला.

मग मी मागे झालो.

एकशेदहा किलो वर आले. आपोआप आले, अब्बा म्हणाले होते तसेच. त्याचे बूट गवतावरून सुटलेले मला दिसले नाहीत, पण मैदानाने श्वास घेतलेला ऐकू आला. मी कमरेतून वळलो आणि हळदीचं पोतं थप्पीला लावावं तसा त्याला सावकाश पाठीवर ठेवला. टाकला नाही. ठेवला. पोतं फुटू नये म्हणून तसंच ठेवायचं असतं, सवय गेली नव्हती.

 मग तुळश्याने तोंडावरचे हात काढले आणि त्याने ठोकलेली आरोळी बहुधा अकोल्यापर्यंत गेली असेल. माणसं रिंगणात घुसली. इल्गिजचा चष्मा कुणाच्या तरी पायाखाली गेला. फानिल गवतावर पडल्यापडल्याच खदाखदा हसत होता. "हे कुठे शिकलास?" म्हणाला. मी म्हटलं, "बाजारात." त्याने उठून एडका सोडला आणि स्वतःच्या हातांनी माझ्या खांद्यावर चढवला. एडक्याने माझ्या पाठीवर धार सोडली. मी तसाच रिंगणाला फेरी मारली. आयुष्यात इतका आनंद मला पुन्हा फार थोड्या वेळा झाला, आणि तेव्हा अंगाला मुताचा वास येत नव्हता एवढाच काय तो फरक.

मिनगली बाबायने मायक्रोफोन हातात घेतला. बातिराचं नाव, गाव, आणि तो कुठल्या माणसांचा, हे पुकारायची रीत असते.

"बातिर, यासीन पटवेगार. गाव सांगली, हिंदुस्तान." तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. "मराठी."

टाळ्या पडल्या. टॉवेल त्याच्या हातात होता, घामाने ओला, मातीने मळलेला. त्याने तो उलटा केला, टाके पाहिले, एक टोक ओढून पाहिलं. एकही धागा सुटला नव्हता.

"टॉवेल दारियाचा," तो म्हणाला. "हिची माणसं स्वतःला क्र्याशेन म्हणवतात." मग गावाकडे वळला.  "चाळीस वर्षं मी पोरांना नकाशा शिकवला. जे राहतात त्यांना न विचारता त्यांच्यावर नाव लिहू नये, हेच शिकवलं. काल मी स्वतः ते केलं. टॉवेल आकचिश्मेचा आहे."

आता टॉवेल काठीच्या टोकाला चढणार म्हणून फानिल काठी खाली घेऊन आला. म्हाताऱ्याने त्याला थांबवलं.

"असा नाही," तो म्हणाला. "सुनेचा टॉवेल मैदानातून उचलायचा नसतो."

तो ओला टॉवेल घेऊन रिंगणातून चालत दारियासमोर गेला. अख्खं गाव बघत होतं. त्याने टॉवेल तिच्या हातात परत दिला.

"घरी जा, पोरी," तो म्हणाला. "फाटकात उभी राहा. मी येतो."

आम्ही धावत सुटलो. इल्गिज चष्म्याशिवाय ठेचकाळत, तुळश्या एडक्याचं दावं ओढत, दारिया सगळ्यांच्या पुढे. तिच्या सासूने काही न विचारता बादली आणली आणि फाटकापुढे पुन्हा पाणी मारलं. दारियाने टॉवेल जमेल तसा झटकला, घडी घातली, रुमाल नीट बांधला आणि दोन्ही तळहात पुढे करून उभी राहिली. मातीचा एक मोठा डाग वरच दिसत होता. मी तिला घडी उलटी करायला सांगितलं, तर ती म्हणाली, "असू दे. तो आजचाच आहे."

तो टॉवेल आज सांगलीत माझ्या दवाखान्यात आहे, कारण काठीवरून उतरल्यावर तो बातिराचा होतो. मी हाडांचा डॉक्टर. गावात मला तातार डॉक्टर म्हणतात, तुळश्याने पसरवलेलं ते नाव. काही पेशंट दात साफ करून घ्यायला येतात, काहींना वाटतं माझे पूर्वज घोड्यावरून आले. अब्बा पुढे हमालांचे मुकादम झाले, म्हणून हमाल येतात ते मला मुकादमाचा यासीन म्हणतात. मी सगळ्यांना ओ देतो. इल्गिजचं पत्र येतं. शिरगणतीच्या कागदावर दारियाने तेव्हा ठरवलं होतं तेच लिहिलं, आणि मिनगली बाबायने बुल्गार न लिहिता तातार लिहिलं. दोघं त्यावरून तो वारेपर्यंत भांडत होती, दर शुक्रवारी, चहावर.

पण त्या दिवशी आम्ही फाटकात उभे होतो. गल्लीच्या टोकाला पेटी वाजायला लागली. सगळं मैदान गाडीच्या मागून चालत आलं होतं. पेटीवाला या वेळी मान वर करून वाजवत होता. लगाम बाबायच्या हातात होता आणि त्याने तो मुद्दाम सैल सोडला होता, सगळ्यांना दिसेल इतका सैल.

घोडा आपणहून आमच्या फाटकाकडे वळला आणि थांबला.